शुगरवाल्या मावशी, पुंडलिकनगर

आमच्या पुंडलिकनगरच्या घरी ज्वारीचे पीठ आणि लाडू कन्नड गावाहून येतात. ते पाठवणाऱ्या बाई व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतात. आईला मधुमेह असल्याचे वडिलांना आणि मला माहीत होते. तिसऱ्या या बाई. बिनसाखरेचे लाडू हवेत, एवढे लिहून भागले असते. पण बाईंनी कारण विचारले आणि आईने तपासणीचा रिपोर्टच पाठवला. त्यानंतर लाडवातली खारीकही त्यांनी निम्मी केली.

कॉलनीत मात्र आईला हे कळू द्यायचे नव्हते. भिशीतल्या एका बाईंचा मधुमेह कळल्यापासून गोडाची बशी त्यांना वगळून पुढे जाते, हे तिने पाहिले होते.

एके दुपारी बाईंनी आईच्या मेसेजचा स्क्रीनशॉट गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'भाकरी मऊ झाल्या', एवढाच मजकूर. पण बाई फोनमध्ये गिऱ्हाइके नावाने नव्हे, गरजेने साठवत. वरच्या पट्टीत लिहिले होते: शुगरवाल्या मावशी, पुंडलिकनगर.

लगेच ग्रुपमधल्या कॉलनीतल्या एकीचा प्रश्न आला, "आपल्यात शुगरवाली कोण गं?"

आईने फोन पालथा ठेवला. मी कन्नडला फोन लावला.

"अगं बाई! लई चुकलं माझं. पुसून टाकू का?"

"पुसलं तर सगळ्या विचारतील, काय पुसलं."

"थांबा मग."

दोन मिनिटांत ग्रुपवर त्यांचा आवाज आला. "शुगर म्हंजी साखर हो! या मावशी दर खेपेला म्हणत्यात, साखर वाढवा. आता काय, इथला कारखानाच पाठवू व्हय?"

ग्रुपवर हसू पसरले. आईने फोन उचलून लिहिले, 'ती मीच.' साखरेची ती थाप होती. पण मी ज्या वर्तमानपत्रात कामाला आहे, तिथे दुरुस्ती छापताना आम्ही चूक पुन्हा एकदा छापतो. बाईंनी ते टाळले.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने स्वतः आल्या. फोन आईपुढे धरला. सगळ्या गिऱ्हाइकांची नावे बदललेली होती: 'पीठ जाडं', 'पीठ बारीक'. आईच्या नंबरापुढे 'खारीक निम्मी'.

"आता शिव्या द्या, मावशी."

"देते. आधी चहा घ्या."

पुढच्या भिशीत आईच्या बशीत एकाऐवजी दोन लाडू पडले. "तुम्हाला गोड लागतं ना!" तिने ते रुमालात बांधून घरी आणले आणि हसत माझ्यापुढे ठेवले.

परवाचा रिपोर्ट तिने मला दाखवण्याआधी कन्नडला पाठवला होता.