सात नंबरचा देव

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. म्हणजे हसालच तुम्ही, पण निदान कप खाली ठेवा, चहा सांडेल.

साठ साल उजाडायचं होतं. मी एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकायला कराडजवळच्या आमच्या गावातून थेट बंगळूरला गेले होते. घरी वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि धाकटी बहीण शकू. आई शकूच्या बाळंतपणात गेली. तेव्हा मी नऊ वर्षांची आणि शकू नऊ दिवसांची. तिला वरणभात भरवला मी, वेण्या घातल्या मी, पाठीत धपाटे घातले तेही मीच. दिवसातून शंभर वेळा तिची हाक यायची, "ताई!" नको व्हायचं अगदी.

आणि मी निघाले त्या दिवशी बाईसाहेब माळ्यावर जाऊन बसल्या. खाली उतरेना, बोलेना. टांगा सुटला तरी एक हाक नाही! दोन महिने झाले, अण्णांची पत्रं यायची, त्यात शकूची एक ओळ नसायची.

इस्पितळात सगळे मला सिस्टर म्हणायचे. सिस्टर म्हणजे ताईच की हो! पण नाही, ती हाक काही घरची वाटायची नाही. ताई म्हणून कुणी तरी हाक मारावी, एकदाच मारावी, यासाठी मी झुरत होते. खोटं कशाला सांगू?

कन्नड मला दोन शब्द यायचे. "सरी" म्हणजे ठीक आणि "हौदु" म्हणजे हो. या दोन शब्दांवर मी अख्खा महिला वॉर्ड सांभाळत होते. एका बाईने रडवेली होऊन बहुतेक "मी आता मरणार का?" असं विचारलं. मी तिच्या कपाळावर हात ठेवून गोड आवाजात म्हटलं, "हौदु." नंतर तिला आवरायला तिघी लागल्या.

आमच्या वॉर्डच्या टोकाला सात नंबरची खोली होती. दाराला कायम कडी. पहिल्याच आठवड्यात मी ती उघडायला गेले, तर आमच्या आयाने, मुनियम्माने, मला दंडाला धरून मागे ओढलं. डोळे वटारून म्हणाली, "बेडा सिस्टर, बेडा! देव्व इदे! देव्व!"

आता सांगा, आत देव आहे म्हटल्यावर मराठी माणूस काय करील? मी चपला काढल्या आणि नमस्कार केला.

तेव्हापासून रोज जेवणानंतर वॉर्ड पेंगायला लागला की मी बागेतलं एक जास्वंदीचं फूल आणून सात नंबरच्या उंबऱ्यावर ठेवायची. मागणं एकच, शकूला माझ्याशी बोलू दे. मुनियम्मा लांबून बघायची आणि तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं, किती भाविक आहे बिचारी!

एका सोमवारी फूल ठेवलं, हात जोडले, आणि आतून आवाज आला.

"ताऽऽई…"

बारीक, दमलेला, लांबवलेला. अंगावर सर्रकन काटा आला. पण आनंदानं हो! देव पावला म्हणून मी धावत फिलोमिनाकडे गेले. फिलोमिना माझ्या खोलीतली मैत्रीण, मंगळूरची. तिची कोंकणी आणि माझं मराठी यांचं बरं जमायचं.

"फिलू, सात नंबरच्या देवानं मला हाक मारली!"

"खंयचो देव?"

"अगं, मुनियम्मानं सांगितलं ना! आत देव्व आहे म्हणून."

फिलोमिना इतकी हसली, इतकी हसली, की तिची कांजी केलेली टोपी खाली पडली. "अगो पिशे! देव्व म्हणजे भूत! दोन म्हयने तू भुताक फुलां घालताय?"

ती हसत होती आणि मला हसू येईना. हाक कुठल्या नावानं आली ते तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तिथंच सगळं चुकलं. भूत मला ताई म्हणत होतं. आणि उभ्या जगात मला ताई म्हणणारी एकच होती.

मी तशीच तार ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाला मराठी येईना, मला इंग्रजी नीट सुचेना. शेवटी आमच्या दोघांच्या अकलेतून तार निघाली, "शकू सीरियस? वायर." म्हणजे, शकू गंभीर आजारी आहे का, तारेनं कळवा. यातलं प्रश्नचिन्ह वाटेत कुठं गळलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मंगळवार गेला. बुधवार गेला. उत्तर नाही. दुपारी मात्र हाक यायची, "ताऽऽई…" मला जेवण जाईना. थर्मामीटर लावायची ती एकीच्या तोंडात आणि ताप लिहायची दुसरीच्या नावावर.

गुरुवारी दुपारी मी कडी काढली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण माझ्या शकूच्या भुताला मी काय भ्यायचं? खिडक्या बंद, आत काळोख. मी दोन्ही हात पसरले आणि हंबरडा फोडला, "शकू, आले गं बाळा मी! रागावू नकोस. तुला टाकून नव्हते गं आले!"

कोपऱ्यातल्या खाटेवर एक चादर उठून बसली. तिनं भली मोठी जांभई दिली, "ताऽऽयी…" मग डोळे उघडले. समोर बघते तो पांढरं पातळ, पसरलेले हात आणि रडणं!

"देव्व!" चादर किंचाळली.

"शकू!" मी किंचाळले आणि तिला मिठी मारली. तेवढ्यात मनात आलं, दोन महिन्यांत एवढी जाड कशी झाली ही?

ती मुनियम्मा होती. मागच्या मोरीच्या दारानं ती रोज दुपारी आत येऊन झोपायची. कुणी उठवू नये म्हणून भुताची आवई तिनंच उठवलेली. मेट्रनबाई धावत आल्या, त्यांच्यामागून आलेल्या फिलोमिनानं मला सगळ्याचा उलगडा करून दिला. आपण नाही का जांभई देताना "आई गं" म्हणत? तशी मुनियम्मा "तायी" म्हणायची. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई!

मी हसले की रडले, आठवत नाही. पण मुनियम्मा एका गोष्टीवर अडून बसली. मंगळवार, बुधवार, गुरुवार कबूल. सोमवारी ती नव्हतीच, भाच्याच्या लग्नाला गेली होती. मेट्रनबाईंनी हजेरीपुस्तक काढलं. सोमवारी खरंच गैरहजर!

मग सोमवारी कोण होतं?

शनिवारी भेटायच्या वेळेला वॉर्डच्या दारात पिशवी घेऊन अण्णा उभे! त्यांच्यामागून दोन वेण्या सुटल्या त्या खाटांच्या मधून बाणासारख्या माझ्याकडे.

"ताई! ताई! ताई!"

माझ्या तोंडून ओरडा फुटला, "अण्णा!" आणि शकूला कवटाळून मी भर वॉर्डात ढसाढसा रडले.

तार बघून अण्णा चक्रावले होते. "अगं, शकू तर समोर बसून भाकरी खात होती. म्हटलं डोकं तुझंच फिरलं, चला बघायला."

"शकू, सोमवारी तू मला हाक मारलीस?"

"मी कशाला मारू? मी रागावलेय," माझ्या पदरात नाक खुपसून ती म्हणाली. तिचे कान मात्र लालभडक झाले होते.

इकडे सगळा वॉर्ड उठून बसलेला. का, ते मला नंतर कळलं. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, तसं अण्णा म्हणजे थोरला भाऊ. वॉर्डाच्या हिशेबी सिस्टरचा थोरला भाऊ तिची लपवलेली मुलगी घेऊन आला होता! आणि आमच्याकडे शिकायला मुली घ्यायचे त्या फक्त बिनलग्नाच्या.

मेट्रनबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. शकूकडे बोट करून कडक आवाजात म्हणाल्या, "इवळु निन्न मगळा?" ही तुझी मुलगी का?

आणि मी, शकूच्या वेण्यांवरून हात फिरवत, सगळ्या वॉर्डासमोर म्हटलं, "हौदु."

माझं नाव कटता कटता राहिलं. माझा फॉर्म वयासकट पुन्हा तपासला गेला, अण्णांची जबानी झाली, फिलोमिनानं माझ्या अडाणीपणाची शपथ घेतली. शिक्षा म्हणून रोज दुपारी सात नंबरमध्ये बसून कन्नड शिकायचं ठरलं. मास्तरीण मुनियम्मा. ती पहिल्या दहा मिनिटांत घोरायची.

तरी आज माझं कन्नड उत्तम आहे. चूक भाषेची होती असं मी मेट्रनबाईंना लिहून दिलं, आणि पुढं सगळ्यांना तेच सांगत आले. पण तुम्हाला म्हणून सांगते, तोच प्रश्न आज कुणी चांगल्या मराठीत विचारला ना, तरी माझं उत्तर पुन्हा तेच चुकायचं.