अमेरिकेची कॅसेट

नृसिंह धर्माधिकारीच्या घराण्यात भिक्षुकी चालत आलेली. त्यानं पोथीऐवजी कॅमेरा हातात घेतला, तरी लग्नं काही सुटली नाहीत. होमाच्या एका बाजूला चुलतभाऊ मंत्र म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूला हा उभा. धूर दोघांच्याही डोळ्यांत जायचा. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, कॅमेरा खांद्यावर घेतला की मान अवघडायची, आणि नगरमधल्या सावेडीतल्या घराचे दोन मजले चढून आला की तो बूटही न काढता खुर्चीत बसून राहायचा. बायको, शोभा, पाण्याचा तांब्या समोर ठेवायची. दिवस कसा गेला हे विचारणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

हातातला कॅमेरा चांगला होता, पण अमेरिकेत विकत घेतलेला. भाची रुचा तिकडून येताना घेऊन आली होती. त्याच्या पोटातली छोटी बॅटरी मेली होती, त्यामुळे मोठी बॅटरी काढली की सगळी सेटिंग पुसली जायची आणि कॅमेरा आपला माहेरी गेल्यासारखा तिकडच्या साठ हर्ट्झवर जाऊन बसायचा. इकडे लागतं पन्नास. दर वेळी मेनू उघडायचा, साठाचे पन्नास करायचे, बंद करून पुन्हा चालू करायचा. आधी त्याला याची कटकट वाटायची, आता तेवढंही वाटत नव्हतं.

जानेवारीत नागापूरला एका घरी प्रार्थना होती. एमआयडीसीतल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले दानीएल भिंगारदिवे वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ मंडळी जमणार होती. बाहेरगावच्या नातेवाइकांना दाखवता यावं म्हणून मुलगी शॅरननं नृसिंहला बोलावलं होतं. आदल्या दिवशी दोन लग्नं झाली होती. कॅमेरा चालू करताना तो मेनू उघडायलाच विसरला.

छोट्या पडद्यावर चित्र आलं ते फडफडत. ट्यूबचा उजेड लाटेसारखा खालून वर सरकत होता. शॅरन शेजारीच उभी होती, तिनं विचारलं की कॅमेरा बिघडलाय का. नृसिंहनं सेटिंग बदलता बदलता, शंभर वेळा सांगितलेलं पुन्हा एकदा सांगितलं: आपल्याकडच्या विजेचे हेलकावे सेकंदाला पन्नास, तिकडच्या विजेचे साठ. म्हणून आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चित्रं घेतात आणि तिकडे तीस. मेळ बसला नाही की उजेड असा नाचतो.

दानीएलच्या पत्नी, दयाबाई, मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. जन्मभर शिक्षिका होत्या, ऐकण्याची सवय. त्यांनी विचारलं, "मग तिकडची कॅसेट इकडे लागत नाही का?"

"जुन्या मशीनवर नाही लागायची, बाई. चित्र फिरायचं, रंग जायचे. आवाजही ओढल्यासारखा यायचा."

"तसंच झालं होतं," दयाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे होती एक."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या नेवाशाजवळच्या एका शाळेत असताना नाताळच्या कार्यक्रमाला अमेरिकेचे पाहुणे आले होते, खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन. नंतर त्यांनी पोस्टानं कॅसेट पाठवली. गावात मशीन नव्हतं, म्हणून त्या एसटीनं नगरला येऊन एका स्टुडिओत गेल्या. तिथल्या माणसानं दोन मिनिटं लावून बघितली आणि कॅसेट बिघडलेली आहे म्हणून परत दिली. नव्व्याण्णव साल असेल.

चर्चचे पाळक आले, प्रार्थना सुरू झाली. नृसिंह कॅमेऱ्यामागे उभा राहिला. तो स्टुडिओतला माणूस म्हणजे तो स्वतःच होता. दयाबाईंनी त्याला ओळखलं नव्हतं. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि अंगावर नवा धंदा काढलेल्या माणसाचा तोरा होता. आपल्याला कळत नाही असं म्हणायची त्याला लाज वाटली होती, म्हणून कॅसेट बिघडली असं त्यानं ठोकून दिलं होतं.

हे एवढंच असतं तर अडाणीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण दोन हजार तीनमध्ये त्यानं सगळीकडच्या कॅसेट चालणारं मशीन घेतलं. त्यावर पहिली परदेशी कॅसेट स्वच्छ रंगांत लागली, त्याच क्षणी त्याला त्या बाई आठवल्या होत्या. शाळेचं नावही आठवलं होतं. नेवासा काही फार लांब नाही. लग्नसराई संपली की जाऊ म्हणाला, मग दिवाळीनंतर जाऊ म्हणाला, आणि मग ते मागेच पडलं. अधूनमधून वर यायचं, तो पुन्हा खाली ढकलायचा.

त्या दिवशी सामान आवरून तो मुकाट्यानं घरी आला. संध्याकाळी शोभाला सगळं सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"न सांगता झोप लागणार असेल तर नका सांगू," ती म्हणाली.

तरी त्यानं तीन दिवस लावले. प्रार्थनेचं एडिटिंग संपायचंय, हे कारण स्वतःलाच देत राहिला. चौथ्या दिवशी स्कूटर काढली आणि नागापूरला गेला. दयाबाई आणि शॅरन दोघी घरी होत्या. बसा म्हटल्यावरही तो उभाच राहिला.

"बाई, तो स्टुडिओवाला मी. कॅसेट बिघडलेली नव्हती, माझं मशीन वेगळं होतं. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. चार वर्षांनी कळलं. तरी मी आलो नाही."

शॅरनचा चेहरा बदलला. ती काही बोलणार होती, पण दयाबाईंनी हातानंच तिला थांबवलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"चार वर्षांनी," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे होते तेव्हा. दोघांनी बसून बघितली असती."

शॅरन आत गेली, पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. कॅसेट तिनं आणून त्याच्या हातात दिली, त्याच्याकडे न बघता. कॅसेटच्या काचेतून आतल्या फितीवर पांढरी बुरशी दिसत होती.

घरी येऊन माळ्यावरचं ते सगळीकडच्या कॅसेट चालणारं मशीन त्यानं काढलं. आतले रबरी पट्टे सैल झाले होते, ते पुण्याहून मागवले. मग कॅसेट उघडून फीत वीत वीत करून मऊ कापडानं पुसायला बसला. हे काम घाईचं नाही. जोर लावला की फीत सुरकुतते. पाठ भरून यायची, डोळ्यांसमोर ठिपके नाचायचे. दोन लग्नं त्यानं ओळखीच्या केदारला देऊन टाकली. अकरा दिवस गेले. पाऊण तासाच्या कॅसेटमधून नऊ मिनिटं निघाली. बाकीच्या ठिकाणी नुसता चुरा पडत होता.

ती नऊ मिनिटं त्यानं तीसच चित्रांवर ठेवली. पंचवीसवर उतरवली असती तर हालचाल अडखळली असती.

नागापूरच्या घरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. शाळेचं पटांगण दिसलं, चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील, ओळीत उभी मुलं. त्यांतली एक पाच वर्षांची मुलगी नाक ओढत होती. ती मी, असं शॅरन हळूच म्हणाली. गीत अर्ध्यावर तुटलं आणि पुढच्या तुकड्यात एक सडपातळ माणूस डोक्यावर बाक घेऊन पडद्याच्या डाव्या कडेनं आत आला. बाक खाली ठेवला, कमरेवर हात देऊन दम खाल्ला, आणि मुलांना म्हणाला, "ए पोरांनो, वायरीवर पाय देऊ नका. पाहुन्यांचा कॅमेरा हाय." मग कॅमेऱ्याकडे बघून कसनुसा हसला आणि निघून गेला. एवढंच. अर्धा मिनिटही नसेल.

दयाबाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्या डोळे मिटून नुसतं ऐकत होत्या.

"आवाज इतका बारीक होता, हे विसरलेच होते मी," त्या म्हणाल्या. शेवटी दमा वाढल्यावर दानीएलचा आवाज घोगरा झाला होता, तोच आता कानांत राहिला होता.

शॅरननं विचारलं, उरलेल्या भागात गाणं होतं का. पप्पा त्या कार्यक्रमात एकटे गायले होते, असं मम्मी सांगते.

"असेल," नृसिंह म्हणाला. "तो भाग गेला. मी वेळेवर आलो असतो तर मिळाला असता."

दयाबाईंनी त्याला माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि त्यानंही माफी मागितली नाही. निघताना त्यांनी फक्त विचारलं, हे नऊ मिनिटांचं आणखी किती वर्षं टिकेल. त्यानं सांगितलं, दोन-तीन ठिकाणी उतरवून ठेवा, एकावर विसंबू नका. त्यांनी मान हलवली आणि पेनड्राइव्ह पदराच्या टोकात बांधला.

घरी आल्यावर शोभानं त्या दिवशी मात्र विचारलं, काय म्हणाल्या. बघितलं त्यांनी, असं म्हणून तो जेवायला बसला. दोन घास जास्तच गेले. दुपारी आडवा झाला तो पाच वाजेपर्यंत उठला नाही. मधे एकदा लग्नाच्या तारखेसाठी कुणाचा तरी फोन आला, तो शोभानं घेतला आणि उद्या करा म्हणून सांगितलं.