खुणेपर्यंत भरलेली बरणी

तिला सगळे कंपाउंडरीणबाई म्हणायचे. उभ्या जन्मात तिने कुणाला साधी खोकल्याची गोळी दिली नव्हती, पण नवरा दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून ही कंपाउंडरीण. बावीस वर्षं ती घरच्या ओव्हनमध्ये ऑर्डरचे केक करत होती. अख्ख्या गल्लीतले वाढदिवस तिच्या हातच्या केकवर साजरे होत होते. तरी तिला केकवाली कुणी म्हणेल तर शपथ. लोकांचं काय जातं? नवऱ्याच्या दारावरची पाटी वाचायची आणि बायकोच्या कपाळावर चिकटवायची, झालं काम.

आणि नवरा तरी कसला! डॉक्टरांच्या मागच्या अर्ध्या खोलीत, भिंतीतल्या खिडकीवजा भोकातून हात बाहेर काढून बाटल्या देण्यात त्याची तीस वर्षं गेली. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, हा मोठ्या बरणीतलं लाल औषध छोट्या बाटलीत ओतायचा, बाटलीला कागदाची दातेरी पट्टी डकवायचा, एक दात म्हणजे एक डोस, आणि ‘हलवून घ्या’ म्हणायचा. काम एवढंच. पण घरी त्याच्या तोंडून ऐकावं तर डॉक्टर नुसते सहीपुरते होते, रोगी सगळे यानेच बरे केले. त्या अर्ध्या खोलीतले दोन नियम मात्र त्याच्या हाडांत मुरले होते. मोठी बरणी खुणेच्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण अर्धी बरणी दिसली की पेशंटचा विश्वास उडतो. आणि औषधाला रंग हवाच, कारण पांढऱ्या पाण्याने कुणालाच बरं वाटत नाही.

डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद झाला, आणि जाताना त्यांनी ती मोठी काचेची बरणी याला देऊन टाकली. देऊ नये असल्या वस्तू असल्या माणसाला. महिनाभर त्याने ती नुसती पुसली. मग एके दिवशी बायकोची दुकानातून आणलेली व्हॅनिला इसेन्सची बाटली उघडून हुंगली आणि नाक मुरडलं. तीस वर्षं स्पिरिट आणि फिनाइल हुंगून त्या नाकाचं लाकूड झालेलं, पण मुरडायला ते अजून छान जमायचं. हे सगळं बनावट आहे म्हणाला, आता खरा अर्क घरात मी काढणार.

कुठल्याशा मासिकातलं एक पान त्याने कापून आणलं. व्हॅनिलाच्या काळ्या, वाळलेल्या, चामड्यासारख्या मऊ शेंगांचं पाकीट आणलं. व्होडकाची बाटली आणायला मात्र कापडी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात बाटली, असा बंदोबस्त केला, जणू काही कुणाचा खून करून आला होता. आणि हा समारंभ ठेवला रविवारी, दीर, जाऊ आणि नणंद जेवायला आले असताना. प्रेक्षक नकोत का? दवाखान्यातला पांढरा कोट चढवून त्याने शेंगा अख्ख्याच्या अख्ख्या बरणीत सोडल्या आणि वरून खुणेपर्यंत व्होडका ओतली.

ते पान तिनेही वाचलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की शेंग मधोमध चिरायची, आतले दाणे खरवडायचे, आणि बाटली अंधारात ठेवायची. तसं ती म्हणाली. हळूच म्हणाली, त्याला कमीपणा येऊ नये अशा बेताने. तर हा हसला. चांगला मोठ्याने हसला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, “तुला काय कळतं औषधातलं?” चिरलं की सत्त्व उडून जातं, हे त्याचं शास्त्र. मग दीर हसला, नणंद हसली, आणि जाऊ तर सगळ्यांत जास्त हसली, तीही हिनेच केलेल्या केकचा घास तोंडात असताना.

बरणी गेली खिडकीत, भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. आणि सुरू झाला तो दवाखाना. आठवडाभरात जेवढा अर्क वापरला जाईल तेवढी व्होडका हा रविवारी वरून ओतणार, बरोबर खुणेपर्यंत. नवीन शेंग? छे! शेंगा आहेत की आत. एक वर्ष झालं, दोन झाली, सहा झाली, शेंगा त्याच. भिजून भिजून त्यांची धुवून विटलेल्या फडक्यासारखी अवस्था झाली होती. अर्काचा रंग उतरायला लागला, तेव्हा याने तिच्याच तव्यात साखर जाळली आणि ते काळं पाणी बरणीत मिसळलं. यात आपण काही फसवाफसवी करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. रंग आला म्हणजे औषध झालं! तवा घासत बसली ती.

पण तिनेही एक केलं होतं. त्या पहिल्याच रविवारी, पाहुणे गेल्यावर, पाकिटात चार शेंगा उरल्या होत्या आणि व्होडकाही तळाला शिल्लक होती. तिने शेंगा मधोमध चिरल्या, सुरीच्या पाठीने दाणे खरवडले, आणि खोकल्याच्या औषधाच्या जुन्या तपकिरी बाटलीत सगळं घालून ती बाटली शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या मागे ठेवून दिली. शिवायला बसली की बाटली एकदा हलवायची. वर्षाला नवीन शेंगा, नवीन बाटली. बरणीतला अर्क त्याला दाखवायला चमच्याने काढायचा आणि मोरीत सोडायचा. गल्लीतली माणसं डोळे मिटून ज्या वासाचं कौतुक करत होती तो वास त्या खणातून येत होता. आणि कौतुक झालं की कंपाउंडर उठून खिडकीतली बरणी दाखवत होता.

आता कुणी म्हणेल, बिचारी. कसली बिचारी? चूक तिचीही होती. स्वतःच्या हातचं सोनं खणात लपवायचं आणि नवऱ्याच्या साखरपाण्यावर लोकांना माना डोलवू द्यायच्या, आणि वर मनातल्या मनात त्याला मूर्ख म्हणून समाधान मानायचं, याला सोशिकपणा म्हणत नाहीत. तो चिडतो, घर डोक्यावर घेतो, म्हणून मूग गिळून बसायचं. सहा वर्षं तिने हेच केलं.

तिला एकच गोष्ट मनापासून हवी होती. मोठ्या रस्त्यावरच्या बेकरीतलं संगमरवरी टेबल. घरचा ओटा तिच्या मानाने ठेंगणा होता, वाकून वाकून कमरेचा पार काटा ढिला झाला होता. बेकरीवरून जाताना ती काचेतून ते टेबल बघायची. ताठ उभं राहून काम करता येईल अशा उंचीचं, गार, लांबलचक. शेजारी दोन मोठ्या भट्ट्या. इथे आपण उभं राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

तर त्या बेकरीच्या मालकीणबाईंनी कुणाच्या तरी वाढदिवसाला तिचा केक खाल्ला आणि पत्ता विचारत थेट घरी आल्या. ही नेमकी भाजी आणायला गेलेली. भेटला कोण, तर कंपाउंडर. संधी सोडतोय होय! केक काय, कुणीही करतं, म्हणाला, खरी करामत या अर्काची, आणि अर्क माझा. मालकीणबाई व्यवहाराच्या बाई. केक करायला आमची माणसं आहेत, आम्हाला तो वास हवाय, म्हणाल्या. बुधवारी बरणी घेऊन या, आमचा भट्टीवाला तुमच्यासमोर केक करेल, तोच वास आला तर अर्काचं काम तुमचं, तुमच्यासाठी एक टेबल देऊ आणि वर पाटीही लावू.

भाजीची पिशवी हातात असतानाच तिला हे सगळं ऐकवण्यात आलं. आणि शेवटी तो अगदी उदारपणे म्हणाला की आता तुलाही आराम मिळेल, ओव्हनपाशी उभं राहायला नको. तिने पिशवी खाली ठेवली. टेबल गेलं, आणि घरचा ओव्हनही गेला. एका फुशारकीत माणसाने दोन्ही घालवलं आणि वर ‘आराम’ म्हणतोय.

मंगळवारी दुपारी तो झोपला होता. बरणी पुसून, नवी दातेरी पट्टी डकवून तयार होती. तिने खण उघडून तपकिरी बाटली काढली आणि बरणीपाशी जाऊन उभी राहिली. ओतायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ओतलं की तो उद्या तरला असता आणि ते टेबल त्याचं झालं असतं. नाही ओतलं की तो चारचौघांत तोंडघशी पडणार आणि त्याचा राग पुढे वर्षभर घरात जेवायला बसणार. तिने बाटलीचं बूच उघडलं. घोरण्याचा आवाज ऐकला. बूच परत घट्ट लावलं आणि बाटली पर्समध्ये टाकली. याला कुणी कट म्हणत असेल तर म्हणो.

बुधवारी तो पुढे, बरणी पोटाशी धरून, आणि ही मागे. तिला कशाला आणलं, तर वाटेत दारं उघडायला. बेकरीचा भट्टीवाला म्हातारा होता, कोपरापर्यंत पिठाने माखलेला, बोलणं मोजकं. त्याने बरणीतला दोन चमचे अर्क घेतला, केक भट्टीत सरकवला आणि स्टुलावर बसला. मग पाऊण तास कंपाउंडरने त्याला डोस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. भट्टीवाल्याने एकदाही मान हलवली नाही.

केक बाहेर आला. म्हाताऱ्याने तुकडा तोडला, हुंगला आणि परत ठेवला.

“अंड्याचा वास येतोय,” तो म्हणाला.

मालकीणबाईंनीही हुंगून बघितलं आणि चष्मा काढला. मग कंपाउंडरची जी गाडी सुटली! भट्टी जास्त तापली असणार. पीठ जुनं असणार. अंडी हलक्या प्रतीची असणार. भट्टीवाला शांतपणे हात पुसत राहिला. सगळं संपलं तेव्हा कंपाउंडर मागे वळला आणि बायकोकडे बोट दाखवून म्हणाला, “हिनेच बरणीत काहीतरी मिसळलं असणार. घरात दुसरं कोण हात लावतं?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जळकी साखर याने मिसळायची, तवा हिने घासायचा, आणि नाव हिचं! तिने पर्स उघडली आणि खोकल्याच्या औषधाची ती तपकिरी बाटली संगमरवरावर ठेवली. मालकीणबाईंनी बूच काढलं. नाक जवळ न्यावंच लागलं नाही. भट्टीकडे तोंड करून उभा असलेला म्हातारा तिकडून वळून आला.

हे कुणी केलं, असं मालकीणबाईंनी विचारलं. तिने तोंड उघडलं, पण ते उघडेपर्यंत हा बोलूनही मोकळा झाला होता.

“आमच्या घरचंच आहे. मीच केलंय.”

निर्लज्जपणालाही काही सुमार असतो, असं आपण उगीच समजतो. मालकीणबाईंनी त्याच सुरात विचारलं की शेंगा कशा घातल्या होत्या. अख्ख्या, तो म्हणाला, चिरल्या की सत्त्व उडतं. बाईंनी बाटली उजेडासमोर धरून तिरकी केली. तळाशी बसलेले बारीक काळे दाणे उठले आणि बाटलीभर फिरायला लागले.

“अख्ख्या शेंगेतून हे बाहेर कसे आले?” त्यांनी विचारलं.

कंपाउंडर बरणीवरची दातेरी पट्टी नखाने सरळ करायला लागला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं शास्त्र संपलेलं तिने पहिल्यांदा बघितलं.

मग तिने सांगितलं. शेंग मधोमध चिरायची, दाणे सुरीच्या पाठीने खरवडायचे, बाटली अंधारात ठेवायची, मध्येमध्ये हलवायची, वर्षभर मुरू द्यायची, आणि जुन्या शेंगांवर नुसती दारू ओतत बसायचं नाही. भट्टीवाल्याने आता मान हलवली. मालकीणबाईंनी त्या टेबलाचं टोक तिच्यासाठी मोकळं करायला सांगितलं, सोमवारपासून यायला सांगितलं, आणि पाटीवर काय लिहू म्हणून विचारलं. कंपाउंडरीण सोडून काहीही लिहा, ती म्हणाली.

परत येताना तो मागे होता, बरणी पोटाशी धरून, आणि दारं तिने स्वतःपुरती उघडली. घरी आल्यावर त्याने बरणी खिडकीत ठेवली, सवयीने खुणेकडे बघितलं, आणि खुर्चीत बसला. ती ओरडण्याची वाट बघत होती. पण तो रडवेल्या आवाजात म्हणाला की एवढं माहीत होतं तर मला सांगायचंस ना, सहा वर्षं मला असं हसू करून ठेवलंस.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी.”

“कधी?”

त्याला आठवत नव्हतं. नाटक नव्हतं ते, खरंच आठवत नव्हतं. जे वाक्य ती सहा वर्षं उराशी धरून बसली होती, ते त्याने केव्हाच झाडून टाकलं होतं. तिला तेव्हा भयंकर राग आला. ती स्वयंपाकघरात गेली, नवीन शेंगांचं पाकीट, पोळपाट आणि छोटी सुरी घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवली. बेकरीला आता बाटलीभराने भागणार नव्हतं. चिरा, म्हणाली.

त्याने निमूटपणे एक शेंग घेतली आणि सुरी दाबली. शेंग आडवी तुटली. सत्त्वाचं काहीतरी तो पुटपुटायला लागला.

“तुम्हाला काय कळतं स्वयंपाकातलं?” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली सुरी सरळ करून दिली.

त्याने दचकून वर बघितलं. आता आठवलं त्याला. फक्त हसायला घरात दुसरं कुणी नव्हतं.