एकदम सेफ देश

मुलगी युक्रेनमधून परत आली त्याच्या तिसऱ्या दिवशी नागभीडला आमच्या दारासमोर मांडव पडला. तो आम्ही घातला नव्हता. गावातल्या एका पुढाऱ्याच्या माणसांनी खुर्च्या आणल्या, लाऊडस्पीकर लावला आणि त्याच्या फोटोचा बॅनर ताणला. मुलगी खारकीव्हला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. रशियानं हल्ला केल्यावर सहा दिवस ती मेट्रोच्या स्टेशनात जमिनीखाली राहिली, मग गाडीत उभ्यानं प्रवास करत सीमेवर पोचली. तिच्या तळपायांना फोड आले होते. मी परिचारिका. त्या फोडांना मलम लावत होते, तेवढ्यात तिला बाहेर बोलावलं. शाल, नारळ, गुच्छ. मग पुढाऱ्यानं माइक तिच्या तोंडासमोर धरला.

"बेटा, सांग सर्वाईले, मुर्दे पाह्यले का तू तिथं?"

"नाई," ती म्हणाली. ते खोटं होतं. गर्दी हिरमुसली, हे मला स्पष्ट दिसलं. जिच्याकडून मी पंधरा वर्षं विरजण आणलं ती शेजारीण मोबाइल उंच धरून म्हणाली, "जरासक रडल्यासारखं कर ना पोरी, व्हिडिओ काढून राह्यली मी." त्यानंतर मी तिच्या घरचं विरजण आणलं नाही.

उन्हाळ्यात चंद्रपूरचा एजंट घरी आला. यानंच तिला युक्रेनला पाठवलं होतं. बसल्या बसल्या त्यानं चहा मागितला आणि टीपॉयवर नकाशा पसरला. "आर्मेनिया. एकदम सेफ देश आहे, मॅडम. रशियाचा फौजी तळ आहे तिथं. बाजूच्या देशाशी थोडं भांडण आहे, पण मधात रशियाची शांतिसेना उभी आहे. कोणाची हिंमत आहे हात लावाची?"

ज्या फौजेनं माझ्या मुलीला जमिनीखाली बसवलं, तीच आता तिचा पहारा करणार होती. हे बोलताना तो बिस्किट चहात बुडवत होता. तरी आम्ही हो म्हटलं. तीन वर्षं पाण्यात जाणार होती आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता. मुलगी फक्त एवढंच बोलली, "आई, मले डॉक्टर व्हायचं आहे. नकाशाचं काय ते तुम्ही पाहा."

ती तिथं पोचून दहा दिवस झाले नसतील, तोच शेजारच्या अझरबैजाननं आर्मेनियाच्या सीमेवरच्या गावांवर तोफा डागल्या. रशियाची ताकद युक्रेनमध्ये अडकली होती, तिकडे बघायला तिला फुरसत नव्हती. आणि हे अझरबैजाननं बरोबर हेरलं होतं. मी एजंटला फोन केला. "ते बॉर्डरवर आहे मॅडम, शहर दूर आहे," तो म्हणाला. खारकीव्हच्या वेळेस त्यानं हेच वाक्य सांगितलं होतं, याच सुरात.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात मोठं झालं. त्या दोन देशांत ज्या डोंगरी मुलखावरून भांडण होतं, तिथल्या आर्मेनियन लोकांना अझरबैजाननं महिनोन्महिने वाट बंद करून उपाशी ठेवलं होतं. मग एका दिवसाच्या हल्ल्यात सगळं संपलं आणि जवळजवळ तो सगळा मुलूख मिळेल त्या गाडीत बसून निघाला. मुलीच्या कॉलेजातली पोरं मदतीला गेली. एका शाळेत त्या माणसांना उतरवलं होतं, तिथं हिच्याकडे रक्तदाब मोजायचं काम आलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मी आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या पायरीवर बसून ऐकलं. एक म्हातारी दीड दिवस गाडीत बसून आली होती, पाय सुजून भोपळे झालेले. हिची एक मैत्रीण तिचं बोलणं समजावून सांगत होती. म्हातारी म्हणाली, निघायच्या आधी मी घराची फरशी पुसली. आणि मग एकदम थुंकली. शाळेच्या त्या स्वच्छ फरशीवर. "कोणासाठी पुसली मी? त्यांच्यासाठी?" रशियाच्या शांतिसेनेच्या शिपायांबद्दल विचारलं तर म्हणाली, ते रस्त्याच्या कडेला उभे होते. आम्ही जाताना बघत होते.

मी त्या म्हातारीवर लगेच विश्वास ठेवला. नोकरीच्या सुरुवातीला मी नक्षलवाद्यांच्या भागात, जंगलाच्या अगदी आतल्या एका दवाखान्यात होते. तिथं एका म्हाताऱ्या गोंड माणसाला खाटेवर उचलून आणलं होतं, मांडीत गोळी. गोळी कोणाची ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. ड्रेसिंग करताना मला म्हणाला, "बाई, जंगलवालेबी म्हणते तुमच्यासाठी लढून राह्यलो, पोलीसबी तेच म्हणते. पाणी दोघाईनंबी माह्याच घरचं पेलं." त्याच्या तोंडावर तेव्हा जो भाव होता, तो मला त्या फोनमधून जसाच्या तसा ऐकू आला.

फोन ठेवून आत गेले तर आमचे क्लार्क डबा खात मोबाइलवर त्याच बातम्या बघत होते. "सिस्टर, या आर्मेनियावाल्याईले आपण तोफा विकल्या म्हणते. अन् पाकिस्तान अझरबैजानच्या बाजूनं. आता पाहा मज्जा!" त्यांच्या मिशीला वरणाचा थेंब लागला होता. मी माझा डबा न उघडताच पिशवीत ठेवला.

आता माझ्या स्वतःबद्दल. शेवटच्या वर्षासाठी मुलीला खारकीव्हच्या कॉलेजातली गुणपत्रकं हवी होती आणि ती मागवण्याचं काम एजंटकडे होतं. रोज विचारलं की तो म्हणे, होऊन राह्यलं. एके दिवशी म्हणाला, "रविवारी आमचा सेमिनार आहे. तुम्ही दोन शब्द बोला. आईनं सांगितलं का पटते लोकाईले. कागदाचं पाहतोच मग." मला कळायचं ते कळलं. मी नवी साडी नेसून चंद्रपूरला गेले. पडद्यावर जॉर्जियाचा नकाशा होता, आर्मेनियाच्या वरचा देश, ज्याच्या एका तुकड्यात रशियाची फौज आजही बसली आहे. एजंट काठी टेकवत सांगत होता, एकदम सेफ देश. मग माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माझी मुलगी तिकडेच शिकते. काही त्रास नाही." टाळ्या पडल्या. तोंडात काहीतरी कुजल्यासारखी चव आली, ती आठवडाभर गेली नाही.

जिन्यात एका बाईनं माझा हात धरला. मार्कंड्याजवळच्या गावची, बरोबर सतरा-अठरा वर्षांची मुलगी. "सिस्टर, ओळखलं नाई का? हे पोरगी तुमच्याच हातावर झाली. खरं सांगा, पाठवू काय इले?"

तिथंच जिन्यात मी तिला सगळं सांगितलं. मेट्रो, तोफा, ती म्हातारी, आणि आत्ता मी स्टेजवर काय बोलले तेही. माणसं अंग चोरून बाजूनं उतरत होती. एजंट वरून बघत होता. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही.

मुलीनं मग स्वतःच खारकीव्हला ईमेल पाठवले. तीन महिन्यांनी सगळे कागद आले. कार्यालयातल्या कोण्या बाईनं सोबत लिहिलं होतं, उशीर झाला, माफ करा, इमारतीच्या खिडक्या फुटल्या आहेत आणि आम्ही वेगळ्या ठिकाणी बसतो. तो ईमेल मुलीनं मला फोनवर वाचून दाखवला.

युक्रेनची लढाई अजून चालूच आहे. मागच्या हिवाळ्यात त्या मार्कंड्याकडच्या बाईचा फोटो आला. विमानतळावर तिची मुलगी, गळ्यात हार, शेजारी एजंट. खाली बोलून पाठवलं होतं, "सिस्टर, इथं सीट भेटली नाई. काय करू?" फोटोतल्या एजंटचं हसू मी अंगठ्यानं झाकलं. त्या बाईवर चिडायचा मला हक्क नव्हता. मी मुलीला त्या पोरीचा नंबर पाठवला आणि लिहिलं, ही तुझ्या शेजारच्या देशात आली आहे, दर आठवड्याला फोन करत जा.