सतरा नंबरच्या लिदेतला पिवळा तांदूळ

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या लॅबच्या डीप फ्रीजमध्ये बर्फ साठतो तसे ते साठतात, आणि एक दिवस दारच लागत नाही! या खेपेला सुरुवात झाली तांदळाच्या एका दाण्यापासून. पिवळा दाणा. सतरा नंबरच्या लिदेत.

"निलेश, मंगोलियात हळदीचा तांदूळ असतो का रे?"

"काल तुला स्टुलाखाली साप दिसला होता. वायर होती ती!" शेजारच्या टेबलावरून निलेश म्हणाला.

मी दाणा चिमट्याने बाजूला काढला आणि कामाला लागले.

* * *

कॉलेज अमरावतीचं, घोडे मात्र मंगोलियाचे. तिथल्या रानघोड्यांची वाळलेली लीद आमच्याकडे पाकिटांतून येते, प्रत्येक पाकिटावर घोड्याचा नंबर. तिच्यातून डीएनए काढायचा आणि कोण कोणाच्या वंशातला ते शोधायचं. हे घोडे उरलेत थोडे, तेही मोजक्याच पूर्वजांची लेकरं. सगळे एकमेकांचे चुलत-मावस! त्यात वेगळ्या वंशाचा नर म्हणजे सोनं. पण पाळीव घोड्याचं रक्त निघालं, की तो पैदाशीतून बाद.

आमच्या लॅबचे सर म्हणतात, "सोयरीक जुळवणाऱ्यांपेक्षा आपलं बरं. घोडे निदान कूळ लपवत नाहीत!"

* * *

नवख्यांच्या हाती सर मंगोलियाची पाकिटं देत नाहीत. आधी सराव. त्यासाठी मी आणि निलेश अकोल्याला गेलो. जठारपेठेत एका लग्नाच्या दारात सलीमचाचांची राणी उभी होती. वरातीची पांढरी घोडी, कपाळावर मोत्यांची झालर. मी पिशवी घेऊन तिच्या मागे. तिने शेपटी उचलली आणि मी दचकून थेट बँडवाल्याच्या ढोलावर!

चाचा हसून लोटपोट. "बेटी, लोग दूल्हे के लिए आते हैं. तुम पहली हो जो इसके लिए आई!"

* * *

यानंतरचा किस्सा मी कोणालाच सांगितला नव्हता. टेबलावर दोन पाकिटं उघडी होती, सरावाचं म्हणजे राणीचं, आणि सरांनी नुकतंच हाती दिलेलं सतरा नंबरचं. वरून पाल पडली. मी किंचाळले आणि दोन्ही पाकिटांतले लिदेचे गोळे खाली! पुन्हा भरले ते अंदाजाने. म्हटलं, बरोबरच असणार. सांगितलं असतं तर वायरसारखी पालही महिनाभर पुरली असती सगळ्यांना!

* * *

रिझल्ट आला तेव्हा निलेश खुर्चीवरच चढला. "सतरामध्ये पाळीव रक्त! अगं, मोठी गोष्ट आहे ही!" सरांनी रिपोर्ट मंगोलियाला पाठवला आणि संत्र्याच्या तोडीसाठी वरूडला गेले. बागेत रेंज नाही.

गुरुवारी सकाळी मंगोलियातल्या घोड्यांच्या डॉक्टरांचा मेल आला. आभार मानले होते. 'सतरा नंबरच्या नराला आजच खच्ची करतोय.'

मी मेल तीनदा वाचला.

लॅब सांभाळणाऱ्या शालूताई बार्शीटाकळीच्या. त्या म्हणाल्या, "काहून वं, तोंड काहून उतरलं तुयं?" मी पाल, पाकिटं, पिवळा दाणा, सगळं भडाभडा सांगितलं.

"अवो बाप्पा! पिवळा तांदूळ म्हंजे अक्षता! लग्नाच्या दारात घोडी खाली पडलेलंच खाते ना!"

निलेश हसला नाही. उरलेल्या डीएनएवर त्याने नर-मादीची तपासणी लावली. ती होईपर्यंत मी नखं खात बसले. सतरा नंबरचा नर चक्क मादी निघाला!

तिकडच्या डॉक्टरांना फोन लावला. उचलेना. मेल केला. उत्तर नाही. तिकडचं घड्याळ आपल्या पुढे, म्हणजे दुपार होऊन गेलेली. पुन्हा फोन. पुन्हा. निलेश मागून, "लाव, लाव, लावत राहा!" शेवटी मोबाईल शालूताईंनीच हातात घेतला आणि स्पीकर चालू केला. अकराव्यांदा रिंग वाजत राहिली... वाजत राहिली... आणि खट्‌ झालं.

आधी वारा ऐकू आला. मग घोड्याचं जोरदार खिंकाळणं. मग एक दमलेला माणूस, "हॅलो?"

इंग्रजीत काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं. आता तो कागदच सापडेना!

शालूताईंनी मोबाईल तोंडाशी नेला.

"ओ डॉक्टरभाऊ! सुरी खाली ठेवा आधी! थ्या पाकिटात आमच्या अकोल्याची नवरदेवाची घोडी हाये!"