वरचा एक बटर

हुसेनचाचा गेले, आणि मी त्यांना मारलेली थाप तशीच राहिली.

आज दुपारी माती दिली. लोक आपापल्या घरी गेले.
मी बेकरीत आलो. पॅकिंगच्या मशीनसमोर बसून हे लिहितोय.

चाचा आमच्या धाराशिवच्या बेकरीत आयुष्यभर पॅकिंगला होते. चहात बुडवायचे कडक गोल बटर पाकिटात भरायचे. रिटायर झाले तरी रोज चार वाजता टोपी घालून हजर.

मी सोलापूरचं कॉलेज अर्ध्यात सोडून इथं लागलो, तेव्हा पहिली चौकशी त्यांनीच केली.

"इथल्या पोरीपायी सोडलंस?"
"व्हय."
"पोरीला म्हायतीय?"
"न्हाय."
"या अल्ला! अरे मियाँ, मग सोडलंस कशाला?"

पंधरा दिवस रोज टोचून टोचून त्यांनी मला तिला सांगायला लावलं. ती हो म्हणाली. तिच्या वडिलांनी अट घातली. "लई भांडखोर हाईस म्हणं. एका जागी एक वर्ष टिकून दाखव, मग बोलू."

तेव्हापासून मी तोंड शिवून बसलो होतो. मी! ओळखणाऱ्यांनो, हसून घ्या.

आता झुल्याची गोष्ट. ही चाचांनी मला शंभरदा सांगितलीय.

एकोणीसशे साठच्या आसपासची. निजाम जाऊन वर्षं झालेली, महाराष्ट्र नवाच झालेला. शेर-छटाक बंद, किलो-ग्रॅम चालू.
पण हाताला कोण सांगणार?
पॅकिंगवाल्यांचा हात पावशेरालाच बसलेला. डोळे झाकून उचलायचे, बरोबर पावशेर. आणि आता पाव किलो पाहिजे. तो थोडा जास्त. पाकीट भरलं की कमीच भरायचं. तपासणीवाले साहेब येऊन ओरडून गेले.

चाचा तेव्हा विशीतले. तुपाच्या डब्याचा पत्रा कापला, सायकलचा एक्सल घेतला आणि एक तराजू टांगला.
एका पारड्यात पाव किलोचं वजन. दुसऱ्यात पत्र्याच्या घसरगुंडीवरून बटर येऊन पडणार. वजन भरलं की पारडं खाली जाणार, दोरी ओढली जाऊन घसरगुंडीचं दार बंद होणार, आणि पारडं कलंडून माल खालच्या कागदी पुड्यात. पारडं रिकामं झालं की वर, दार परत उघडं.

ना वीज, ना मोटर. आपोआप.
सगळे त्याला झुला म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात बेंबळीच्या दुकानदारानं सगळे पुडे सायकलवर लादून परत आणले.
"तुमचं यंत्र चोरी शिकलंय."
चाचांनी त्याच्यासमोर पुडा तोलून दाखवला. काटा मधोमध.
"वजन बरोबर हाय," तो म्हणाला. "पन वरचा कुठंय?"

हातानं भरताना वजन झालं की वर एक बटर टाकायची रीत होती. हात ते न सांगता करायचा. झुल्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

चाचांनी एक बटर उचलला आणि वजनाच्या पारड्यात, वजनाशेजारी ठेवला. बस्स. त्या दिवसापासून प्रत्येक पुड्यात एक जास्त.

जुने सेठ खवळले. "यंत्राला बी उधळायला शिकवलंस?"
"सेठ, हाताला शिकवलेलं चालतं, यंत्राला का न्हाय?"
सेठनं पारड्यातला बटर तसाच राहू दिला.

मुंग्या लागायच्या म्हणून चाचा रोज पारड्यातला बटर बदलायचे. रोज नवा. झुला बंद पडून गोदामात टांगला, तरीसुद्धा.

आठ महिन्यांपूर्वी नवी लाईन आली. वर गोल बादल्या. प्रत्येक बादली आपलं वजन करते, कुठल्या कुठल्या मिळून २५० होतात ते मशीनच ठरवतं आणि पाकिटात सोडतं. ऑपरेटर मी.
आताचे सेठ म्हणाले, "टार्गेट २५०. वर एक ग्रॅम नको."

चाचा चारला आले. पाकीट हातात घेतलं, वर-खाली केलं.
"वरचा कुठंय?"
"उद्या सेटिंग करतो चाचा."

दुसऱ्या दिवशी परत. "केलंस?"
"केलं."

त्यांनी पाकीट हातावर तोललं. माझ्याकडं बघितलं. साठ वर्षांचा हात होता तो, त्याला मी काय फसवणार?
नंतर त्यांनी कधीच विचारलं नाही. रोज यायचे, पाकीट उचलायचे, खाली ठेवायचे.

नोकरी जाईल म्हणून मी थाप मारली. नोकरी गेली तर ती जाईल म्हणून.

आज गोदामात गेलो. झुल्याच्या पारड्यात परवाचा बटर होता. मुंग्या चढलेल्या.
झटकला. नव्या मशीनवर ठेवला.
अठरा ग्रॅम.

तिला फोन केला. सगळं सांगितलं.
ती म्हणाली, "आठ महिने तू कुणाशी भांडला न्हाईस, तवाच मला भ्या वाटाय लागलं होतं."

सेठ, तुम्ही ही पोस्ट वाचणार, म्हणून इथंच सांगतो.
टार्गेट आता २६८ आहे. मशीनचा पासवर्ड मी बदललाय.
पाहिजे असेल तर या. गोदामात झुल्यासमोर उभं राहून मागा, देतो. त्यानंतर खुशाल काढून टाका. तिच्या वडिलांना मी स्वतः जाऊन सांगेन की वर्ष भरलं नाही.

आणि धाराशिवकरांनो, उद्याचं पाकीट उघडून मोजा.

भारी शब्दांची श्रद्धांजली मला जमत नाही चाचा.
झुल्यात नवा बटर ठेवलाय.
आता मी खोटं बोलत नाही. तोलून बघा.

सलाम.