दोनदा वाळलेली पात

‘मॅडम, यंदाही वास न्हाई बघा तुमच्या पातीला.’

लातूरच्या आमच्या गल्लीत हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलं. बोलायच्या शेजारच्या काकू. त्यांचे मिस्टर रिटायर झालेले, मुलं बाहेरगावी, आणि आमच्या दोन अंगणांत कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे माझा गवती चहाचा ठोंब. माहेराहून, मुखेडहून, ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला. त्याला नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं.

पावसाळा सरता सरता पात जोमात असते. मी ती सकाळी कापायची, धुवायची, फडक्यानं कोरडी करायची, कात्रीनं बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि मागच्या खोलीत जुन्या सुती साडीवर पसरायचे. सावलीतच. उन्हात टाकली की पातीचं नुसतं गवत होतं, हे मला आईनं पाठीत धपाटा घालून शिकवलंय. पाच-सहा दिवसांनी मुठीत दाबली की कुरकुर मोडते. मग काचेची बरणी आणि घट्ट झाकण. हे सगळं चाकूरकडच्या शाळेची सकाळची गाडी गाठायच्या आधी.

काकूंना ती सर्दीसाठी हवीच असायची. मागून न्यायच्या. बरणी मात्र भिंतीवरच स्वतःच्या डब्यात रिकामी करून तिथल्या तिथं परत द्यायच्या. मला वाटायचं, बाईंचं काम चोख आहे.

आणि पंधरा दिवसांत तेच पालुपद. वास न्हाई. मी काय काय करावं? पंख्याशिवाय वाळवली. बरणी बदलली. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावला. एका वर्षी तर सगळी पात संध्याकाळी कापली, डासांनी फोडून काढलं. आमच्या घरी त्याच पातीचा चहा उकळला की नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून स्वयंपाकघरात यायचा. भिंतीपलीकडे गेली की तीच पात मुकी.

‘तुमचं उकळताना चुकत असेल, काकू. एकदा आमच्याकडं घेऊन बघा ना.’

‘आत्ताच घेतला.’ ‘आज उपास हाय.’ ‘साखर लई वाढलीय.’ ‘दूध सोसत न्हाई.’ सहा वर्षांत काकूंनी आमच्या घरचा एक घोट घेतला नव्हता. आम्ही बौद्ध, हे त्यांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारून पक्कं करून घेतलं होतं. आणि मी, वर्गात पोरांना प्रश्न विचारा म्हणून ओरडणारी, त्यांचे उपास खरे धरून चालले होते.

मग एका रविवारी मी टाकी बघायला गच्चीवर गेले. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे टाकीत सारखं डोकवावं लागतं. खाली काकू त्यांच्या अंगणात. सकाळीच नेलेली माझी पात चाळणीत घेऊन बादलीतल्या पाण्यानं खंगाळत होत्या. एकदा नाही, दोनदा. मग परातीत पसरली आणि परात सरकवली भर उन्हात.

‘काकू! काय करून राहिलात?’

त्या दचकल्या. ‘धूळ असते ना, मॅडम.’

‘मी धुऊनच वाळवते.’

‘हाव, पण आपलं एक समाधान.’

खरं सांगते, पहिला राग आला तो पातीसाठी. दुसरा जिना उतरताना आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी ठोंब फोडून एक मोठा तुकडा भिंतीवर आदळला. ‘घ्या. तुमच्याच मातीत लावा, तुम्हीच वाळवा. सावलीत. माझं डोकं नका खाऊ.’ त्यांनी लावला. चांगला फुटला.

यंदा काकूंनी स्वतः वाळवलेल्या पातीचा डबा भिंतीवर ठेवला, झाकण उघडलं. ‘बघा मॅडम. याला म्हणतात वास!’

होता की. माझ्या आईच्याच ठोंबाचा.

‘थांबा तिथंच,’ म्हटलं आणि त्यातली मूठभर पात घेऊन आत गेले. कॅलेंडर बघितलं, उपास नव्हता. साखर घातली नाही, दूध घातलं नाही. दोन कप आणून भिंतीवर ठेवले.

‘पात तुमची. साखर न्हाई, दूध न्हाई. घ्या, काकू.’

काकूंनी कपाकडे पाहिलं. घेतील असं मला क्षणभर अगदी खरंच वाटलं.

‘पाणी कुठलं, मॅडम? बोअरचं मला बाधतं.’

‘नळाचं. काल आलेलं. तुमच्याकडं आलं तेच.’

नळाचा एकच पाइप त्या भिंतीखाली येऊन दोन्ही घरांना फुटतो. तो टाकायला खोदलं तेव्हा आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. काकूंनी एकदा खाली भिंतीच्या पायाकडे पाहिलं.

‘कालचं म्हणजे शिळंच की,’ त्या म्हणाल्या, आणि डबा उचलून आत गेल्या.

दोन्ही कप मी तिथंच उभी राहून प्याले. वास खरोखर चांगला होता.